आकड्याची साक्ष कोण देतं?

५ व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे आहेत आणि बाहेर १ अँपिअर प्रवाह हवा आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधलं हे रोजचं काम; बूस्ट कन्व्हर्टर नावाचं सर्किट ते करतं. त्यातला स्विच प्रत्येक आवर्तनात किती वेळ चालू ठेवायचा, हा पहिला प्रश्न. पाठ्यपुस्तकातलं आदर्श सूत्र सांगतं, ५८.३ टक्के. डायोडवर अर्धा व्होल्ट जातो हे जमेस धरणारी पद्धत सांगते, ६० टक्के. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका प्रसिद्ध ॲप्लिकेशन नोटमध्ये कार्यक्षमताच सूत्रात घातलेली आहे; ती ९० टक्के मानली तर उत्तर ६२.५ येतं, ८० टक्के मानली तर ६६.७. इंडक्टरमधून वाहणारा सरासरी प्रवाह यावरूनच ठरतो. तो अनुक्रमे २.४, २.५, २.६७ आणि ३ अँपिअर येतो. सर्किट एकच, उत्तरं चार, आणि पहिल्या-शेवटच्यात २५ टक्क्यांचा फरक.

पुढची पायरी इंडक्टरची. प्रवाहातला चढउतार, म्हणजे रिपल, ३० टक्के ठेवावा, असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. पण ३० टक्के कशाचे? आत येणाऱ्या प्रवाहाचे धरले तर ५०० किलोहर्ट्झला साधारण ८.१ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर लागतो. बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचे धरले तर १९.४ मायक्रोहेन्रीचा. सल्ला तोच, वस्तू दुपटीहून मोठी.

अशा वेळी तरुण इंजिनियरसमोर दोन कागद असतात. एक म्हणजे कंपनीची ॲप्लिकेशन नोट, पंधरावीस पानांची, सूत्रं एकेक करून मांडणारी. दुसरा म्हणजे त्याच कंपनीचा डिझाइन कॅल्क्युलेटर. कधी तो एक्सेलच्या पानावर असतो आणि त्यातले बरेच रकाने कुलूपबंद असतात, कधी तो थेट ब्राउझरमध्ये चालतो. नॅशनल सेमीकंडक्टरने वेबेंच नावाचं असं साधन १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणलं. २०११मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली आणि वेबेंच तिकडे गेलं. आज जवळपास प्रत्येक मोठ्या उत्पादकाकडे असं काहीतरी आहे. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच कंपनीचा, आणि आकडे जुळत नाहीत. मग खरं कोणाचं मानायचं?

वरवर पाहता प्रश्न सर्किटचा आहे. खोलात तो प्रमाणाचा प्रश्न आहे, आणि भारतीय तत्त्वज्ञानात त्याच्यावर शतकानुशतकं वाद झालेला आहे. स्वतः न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर मानायची, आणि तो शब्दच दोन तोंडांनी बोलू लागला, तर मानणाऱ्याने काय करावं?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप अतिशय रोखठोक मांडलेला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, वेदवचन प्रमाण मानता येणार नाही, कारण त्यात असत्य आहे, परस्परविरोध आहे आणि पुनरुक्ती आहे. पाचव्या शतकाच्या आसपासचा भाष्यकार वात्स्यायन त्याची उदाहरणं देतो. पुत्र व्हावा म्हणून इष्टी केली, पुत्र झाला नाही, हे असत्य. परस्परविरोधाचं उदाहरण अग्निहोत्राचं. एक वचन सांगतं, सूर्य उगवल्यावर आहुती द्यावी. दुसरं सांगतं, उगवण्यापूर्वी. तिसरं सांगतं, तारेही मावळलेले आणि सूर्यही न उगवलेला, अशा संधिकाळी. आणि पुन्हा वेदातच तिन्हींची निंदा: उगवल्यावर दिलेली आहुती श्याव हा यमाचा कुत्रा खातो, आधी दिलेली शबल हा दुसरा कुत्रा खातो, संधिकाळी दिलेली दोघं मिळून खातात. कोणताही मार्ग धरा, कोणी ना कोणी चुकीचा ठरवतोच.

यावर सूत्रकार जे उत्तर देतात, ते कन्व्हर्टर बांधणाऱ्या प्रत्येकाने वाचावं इतकं नेमकं आहे. ते म्हणतात, एक काळ स्वीकारून मग तो बदलणाऱ्यासाठी ही निंदा आहे. उदयानंतरचं व्रत घेतलं असेल तर उदयानंतरच द्या. ते घेऊन मध्येच दुसऱ्या काळाकडे वळाल तर दोष लागेल. तीन वचनं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ती तीन स्वतंत्र विधी सांगतात आणि प्रत्येक विधी आपल्या जागी पूर्ण आहे.

बूस्ट कन्व्हर्टरच्या गणितात हा दोष आकड्यांत मोजून दाखवता येतो. या सर्किटला एक जन्मजात खोड आहे: भार वाढला की नियंत्रण ड्यूटी, म्हणजे आवर्तनात स्विच चालू राहण्याचा वाटा, वाढवतं आणि त्या क्षणी बाहेरचा व्होल्टेज आधी खाली जातो, मग वर येतो. गणितात याला उजव्या अर्ध्या प्रतलातला शून्यबिंदू म्हणतात. तो ज्या वारंवारितेला असतो, तिच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत नियंत्रणाचा वेग ठेवावा, असा संकेत आहे. ८.१ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर असेल तर ती वारंवारिता सुमारे ४१ किलोहर्ट्झ येते, म्हणून वेग १३.६ किलोहर्ट्झपर्यंत नेता येतो आणि या शून्यबिंदूमुळे फेजमध्ये साधारण १८ अंशांचं नुकसान होतं. हे सुसंगत आहे. १९.४ मायक्रोहेन्री घेतला तर तीच वारंवारिता १७ किलोहर्ट्झवर उतरते, वेगही त्या मानाने उतरवायचा, नुकसान पुन्हा १८ अंशांचंच. हेही सुसंगत आहे. आता कोणी इंडक्टर नोटमधून घेतला, १९.४चा, आणि भरपाईच्या रेझिस्टर-कपॅसिटरची मूल्यं कॅल्क्युलेटरमधून घेतली, ज्याने आत ८.१ गृहीत धरलेत. नुकसान ३८ अंशांवर जातं. २० अंशांची फेज मार्जिन एका उसनवारीत गेली. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. चूक झाली ती दोन विधी मिसळण्यात.

मीमांसकांनी हाच धागा फार पुढे नेला. यज्ञाला तांदूळ चालतो किंवा यव चालतो, अशी दोन तुल्यबळ वचनं असली की ते विकल्प मानतात. पण विकल्प मानणं त्यांना मनापासून आवडत नाही. त्यात आठ दोष आहेत असं ते सांगतात आणि दुसरा काहीही मार्ग असला तर तो आधी शोधतात. आणि तांदळाने यज्ञ सुरू केल्यावर तांदूळच नासला तर? तेव्हा नीवार घ्यावा, म्हणजे तांदळाशी मिळताजुळता रानधान्याचा दाणा. यव हा मूळ विकल्पांपैकी एक असला तरी आता त्याच्याकडे वळायचं नाही, कारण संकल्प तांदळाचा झालेला आहे. ठरवलेला इंडक्टर बाजारात मिळेनासा झाल्यावर पर्यायी भाग कसा निवडावा, याचा याहून शहाणा नियम सापडणं कठीण आहे. मूळ भागाशी सर्वांत जवळचा भाग घ्यावा. दुसऱ्या डिझाइनमधला नामांकित भाग इथे आणून बसवू नये.

खरे विकल्प या क्षेत्रातही आहेत. प्रवाहाच्या शिखरावर नियंत्रण ठेवणाऱ्या कन्व्हर्टरची ड्यूटी ५० टक्क्यांवर गेली की तो एक आवर्तन लांब, एक आखूड असा डुलू लागतो. उपाय म्हणून एक कृत्रिम उतार मिसळतात. किती? काही नोट्स सांगतात, इंडक्टरमधला प्रवाह ज्या उताराने खाली येतो त्याच्या निम्मा. काही सांगतात, पूर्ण. १९९०मध्ये रे रिडली यांनी व्हर्जिनिया टेकमधल्या प्रबंधात जे प्रारूप मांडलं, त्यातून तिसरंच उत्तर निघतं, कारण ते निम्म्या स्विचिंग वारंवारितेवरचं डोलणं किती दाबायचं यावरून उतार ठरवतं. तिन्हींमागे कारण आहे. निम्मा उतार कोणत्याही ड्यूटीवर डोलणं थांबवायला पुरेसा असतो. पूर्ण उतार दिला तर धक्का एकाच आवर्तनात विरतो. तिसरं उत्तर या दोन टोकांमधला तोल मागतं. इथे कोण बरोबर हे विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या हेतूसाठी विचारलं, ते सांगावं लागतं.

पुत्रेष्टीच्या आक्षेपाला सूत्रकारांनी दिलेलं उत्तर मात्र जपून हाताळायला हवं. ते म्हणतात, फळ मिळालं नाही कारण कर्मात, कर्त्यात किंवा साधनात वैगुण्य होतं. प्रयोगशाळेत हे वाक्य रोज ऐकू येतं. सूत्र बरोबर आहे, तुमचा बोर्डच नीट आखलेला नाही. सूत्र बरोबर आहे, कपॅसिटर हलक्या प्रतीचा आहे. बऱ्याचदा ते खरंही असतं. स्विच आणि डायोडभोवतीचं तांब्याचं वेटोळं मोठं राहिलं तर कोणतंही उत्तम गणित मातीत जातं. पण हेच उत्तर कोणत्याही अधिकाराला कायमचं अभय देऊ शकतं. प्रत्येक अपयशाचा दोष करणाऱ्याच्या माथी मारता आला, तर सांगणारा कधी चुकूच शकत नाही. धर्माच्या क्षेत्रात या युक्तिवादाने किती लोकांना गप्प केलं, हे इतिहासाला ठाऊक आहे. म्हणून वैगुण्याचा दावा करणाऱ्याने ते वैगुण्य दाखवायला हवं: कोणता मार्ग, किती मिलिमीटर, कोणत्या तापमानाला.

कॅल्क्युलेटरचा खरा पेच इथून सुरू होतो. मीमांसकांच्या मते वेद प्रमाण आहेत कारण त्यांना कर्ताच नाही; कर्ता नाही म्हणून कर्त्याचे भ्रम, लोभ, अज्ञान त्यात शिरू शकत नाहीत. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा आकडा नेमका असाच वाटतो. त्याला बोलणारं तोंड नसतं. चार दशांश स्थळांपर्यंत तो ठामपणे उभा असतो आणि म्हणूनच नोटपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याला कर्ते असतात. कोणीतरी डायोडवरचा व्होल्टेज ०.५ धरलेला असतो, कोणीतरी कार्यक्षमता ठरवलेली असते, कोणीतरी उत्तर बाजारात मिळणाऱ्या जवळच्या मूल्यावर गोल केलेलं असतं. ते दिसत नाहीत एवढंच. नैयायिकांनी मीमांसकांचं हे मत मानलं नाही. त्यांच्या मते शब्दाला बळ येतं ते बोलणाऱ्या आप्तामुळे, आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वात्स्यायन पुढे असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. हे वाक्य दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

या कसोटीवर ॲप्लिकेशन नोट सहसा वरचढ ठरते, आणि ते योग्यच आहे. लिनियर टेक्नॉलॉजीचे जिम विल्यम्स यांनी १९८७मध्ये ‘कवींसाठी स्विचिंग रेग्युलेटर’ अशा अर्थाचं शीर्षक देऊन एक नोट लिहिली होती. त्यांच्या नोट्समध्ये सर्किट असतं, त्याशेजारी ऑसिलोस्कोपच्या पडद्याची छायाचित्रं असतात आणि कोणती रेघ कुठून मोजली तेही असतं. माणसाने पाहिलं, आणि पाहिलं तसं सांगितलं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले आर. डी. मिडलब्रूक यांनी १९७६मध्ये स्लोबोदान चूक यांच्यासह कन्व्हर्टरचं सरासरी प्रारूप मांडलं. पुढे आयुष्यभर त्यांनी आग्रह धरला की सूत्र अशा रूपात लिहावं की कोणता घटक कोणता परिणाम घडवतो हे वाचतानाच दिसावं. उत्तर बरोबर असणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. ते उघडून पाहता यायला हवं होतं. कॅल्क्युलेटर कुलूपबंद रकान्यात जे लपवतो, नेमकं तेच.

मराठी वाचकाला इथे ज्ञानदेव आठवतील. अमृतानुभवात ज्ञानही बंधन ठरतं हे सांगताना त्यांनी शिवसूत्राचा आणि गीतेचा आधार दिला, आणि लगेच बजावलं की शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणूनच आपण हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी ते असंच राहिलं असतं. आधाराचा मान राखायचा, पण सत्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, ही ती भूमिका.

तरीही नोट सर्वत्र चालते असं नाही. प्रत्येक वचनाला आपला प्रदेश असतो. एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टरच्या बहुतेक नोट्स चौकोनी लहरीतली फक्त मूळ वारंवारिता धरतात आणि बाकीच्या सोडून देतात. रेझोनन्सजवळ हे गणित छान जुळतं. तिथून दूर गेलं की घसरतं. काळावर आधारित गणित करणारा कॅल्क्युलेटर तिथे वेगळा आकडा देतो आणि बहुधा तोच प्रत्यक्षाच्या जवळ असतो. इथे नोट खोटी नसते, ती आपल्या सीमेबाहेर ओढलेली असते. धर्मशास्त्राच्या इतिहासातही असंच झालं. मूळचं पैठणचं आणि नंतर काशीत स्थायिक झालेलं जे भट्ट घराणं, त्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूख लिहिला. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मयूखाला मिताक्षरेपेक्षा अग्रस्थान होतं, उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा वर आणि मयूख खाली. त्याच दोन ग्रंथांचं बलाबल वाद कोणत्या जिल्ह्यातला आहे यावर बदलत असे. मयूखाची चिकित्सक आवृत्ती काढणारे रत्नागिरी जिल्ह्यातले पांडुरंग वामन काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. ग्रंथाचा प्रदेश म्हणजे काय, हे त्यांना पोथीतूनही कळत होतं आणि अशिलाच्या कागदांतूनही.

मग प्रत्यक्षच का मोजू नये? बोर्ड बांधा, ऑसिलोस्कोप लावा, वाद मिटला. शंकराचार्यांनीही गीताभाष्यात म्हटलं आहे की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण ठरणार नाही. पण न्यायसूत्रं प्रत्यक्षाच्या व्याख्येतच अट घालतात की ते भ्रम नसलेलं हवं, आणि वात्स्यायन उदाहरण देतो मृगजळाचं. कन्व्हर्टरच्या टेबलावर हे मृगजळ रोज दिसतं. प्रोबच्या ग्राउंडची चिमट्याची वायर साधारण १५ सेंटीमीटर लांब असते. ती आणि प्रोबचं टोक मिळून एक वेटोळं बनतं, आणि स्विचिंगच्या वेळी आसपास बदलणारं चुंबकीय क्षेत्र त्यात व्होल्टेज निर्माण करतं. पडद्यावर टोकदार सुळके उभे राहतात, जे आउटपुटवर नसतातच. चिमटा काढा, प्रोबचं टोपण काढा, टोकाजवळच्या धातूच्या कड्यावर छोटी स्प्रिंग बसवा आणि ती थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायाशी टेकवा. सुळके बरेचसे गळून पडतात. त्यातच एका कागदाने रिपल २० मेगाहर्ट्झची मर्यादा लावून मोजलेला असतो आणि दुसऱ्याने न लावता. दोघांनी प्रत्यक्षच पाहिलं, तरी आकडे वेगळे.

आणि काही गोष्टी प्रोबला दिसतच नाहीत, त्या सांगाव्याच लागतात. सिरॅमिक कपॅसिटरवर २२ मायक्रोफॅरड छापलेले असतात; त्यातल्या बेरियम टायटनेटवर डीसी व्होल्टेज चढला की प्रत्यक्षात त्यातले निम्मेही उरत नाहीत असं अनेकदा होतं. ५०० किलोहर्ट्झच्या बक कन्व्हर्टरमध्ये १ अँपिअरच्या रिपलवर २२ मायक्रोफॅरड धरणारा कागद ११ मिलिव्होल्टचा चढउतार सांगेल, १० धरणारा २५ मिलिव्होल्ट. खरा आकडा उत्पादकाच्या आलेखात असतो. नोट लिहिणाऱ्याने तो आलेख पाहिला होता का, हे नोटमध्ये लिहिलेलं असलं तरच कळतं.

फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाची अडचण काळाच्या बाबतीत तर अधिकच वाढते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट होतं, या संकेताने ६५ अंशांना ते ३२००० तास येतं, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडं अधिक. हे ३२००० तास त्या बोर्डवर कोणी मोजलेले नसतात. ते अनुमान आहे, आणि अनुमानाचा पाया उत्पादकाच्या शब्दावर. एक कॅल्क्युलेटर इथे थांबतो. दुसरा रिपल प्रवाहामुळे कपॅसिटर आतून ५ अंश अधिक तापतो हे धरतो आणि २२६०० तास सांगतो. एखाद्या इन्व्हर्टरची हमी या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी लिहिली जाणार असते. ते ५ अंश कोणी, कोणत्या प्रवाहावर आणि कोणत्या हवेत धरले, हे उत्तराच्या शेजारी छापायला रकानाभर जागा लागते. जिम विल्यम्स छायाचित्राखाली ते लिहीत असत. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांनी तेवढं लिहायला आज कसलीच तांत्रिक अडचण नाही.